गणपतीच्या देखाव्यातला डायनोसॉर : पिसं लावायची की नाही?

घोडबंदरी

मंडळी, मदत हवी आहे, आणि गणपतीच्या आत हवी आहे.

आमच्या सोसायटीचा (घोडबंदर रोड, जिथे रस्त्याचं काम कायम चालू असतं तो पट्टा) गणपती पाच दिवसांचा. यंदा देखावा मुलांवर सोपवलाय. विषय त्यांनीच ठरवला, 'डायनोसॉर ते पक्षी'. इथवर सगळे खूश होते. मग मुलांनी जाहीर केलं की डायनोसॉरला पिसं लावणार. त्यावर कमिटीत जो गदारोळ झाला तो मेंटेनन्स वाढवला तेव्हाही झाला नव्हता. सेक्रेटरी म्हणतात, सिनेमात एकाही डायनोसॉरला पिसं नव्हती, लोक हसतील. आठवीतली एक मुलगी म्हणाली, काका, सिनेमाच चुकीचा आहे. खजिनदारांचा मुद्दा एवढाच की पिसं कितीला पडतील.

तर मला सांगा, पिसं खरंच सगळ्या डायनोसॉरना होती का? नसतील तर देखाव्यासाठी कुठला निवडावा? आणि पिसं करायची कशाची? थर्माकोल २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे तो पर्याय सुचवू नका.

मिसळीचा_रस्सा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी गाठणार हा धागा.

कोपरीकर

पिसांचं काय एवढं? चिकनवाल्याकडे पोतंभर फुकट मिळतील, वर तो आभार मानेल.

नौपाड्याची_सून

गणपतीच्या मांडवात कोंबडीची पिसं? कोपरीकर, तुमच्या घरी मोठं कोणी नाही का?

कोपरीकर

देव्हाऱ्यात मोरपीस चालतं ना? मोर आणि कोंबडी एकाच कुळातले आहेत, फॅजिअनिडी. शोधा.

नौपाड्याची_सून

कुळ एक असेल. मोराचा रस्सा करत नाहीत.

पक्षीवेडी_ऐरोली

मूळ प्रश्नाकडे येते. सगळ्यांना होती का? नाही. काहींना होती का? हो, आणि त्याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही.

१९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स जगासमोर आला. साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा छोटा मांसाहारी डायनोसॉर, शेपटीसकट जेमतेम मीटरभर. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीवर बारीक तंतूंची झालर दगडात उमटलेली. हात इतके आखूड की उडण्याचा विषयच नको. तोवर पीस दिसलं की पक्षी, असा सोपा हिशोब होता, तो तिथे मोडला. दोन वर्षांनी त्याच भागातून कॉडिप्टेरिक्स जाहीर झाला. त्याच्या शेपटीच्या टोकाला चक्क दांडा आणि दोन्ही बाजूंना पातं असलेल्या पिसांचा पंखा होता. उडत तोही नव्हता.

सिनेमावाल्यांचा लाडका व्हेलॉसिरॅप्टर मुळात साधारण टर्की पक्ष्याएवढा. त्याची पिसं दगडात उरलेली नाहीत, पण मंगोलियातल्या एका नमुन्याच्या हाताच्या हाडावर ओळीने उंचवटे आहेत हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. आजच्या बऱ्याच पक्ष्यांत मोठी पिसं जिथे हाडाला बांधलेली असतात तिथे नेमके असेच उंचवटे असतात.

आणि टी. रेक्स : त्याच्या मानेच्या, कमरेच्या, शेपटीच्या कातडीचे ठसे २०१७ मध्ये अभ्यासले गेले, त्यांत खवले आहेत. म्हणजे सेक्रेटरींना टी. रेक्सच हवा असेल तर बराचसा त्यांच्या मनासारखा होईल. पण मग विषयातलं 'ते पक्षी' तेवढं जोरकस दिसणार नाही.

सरळसोट

तंतू दिसले म्हणजे पिसंच कशावरून? मेलेल्या प्राण्याची कातडी कुजली की आतले कोलॅजन या प्रथिनाचे धागे उघडे पडतात. हा आक्षेप तज्ज्ञांनीच घेतलेला आहे, माझ्या मनचा नाही. चीनमधून काहीही येतं आणि आपण माना डोलावतो.

पक्षीवेडी_ऐरोली

@सरळसोट, आक्षेप खरा होता आणि त्याचं उत्तरही मिळालंय. पिसात रंग भरणारे मेलॅनिनचे सूक्ष्म कण असतात, मेलॅनोसोम. काळा रंग देणारे लांबट, तांबूस रंग देणारे गोलसर. २०१० मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या त्या तंतूंमध्ये तांबूस रंगाचे कण सापडले. नुसत्या कोलॅजनच्या धाग्यात ते कशाला असतील?

त्यातून रंगच कळला की! अंग तांबूस-तपकिरी, शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे आलटून पालटून. पुढे २०१७ मधल्या अभ्यासात डोळ्यांवरून जाणारी गडद पट्टी आणि फिकट पोटही दिसलं. त्याच २०१० मध्ये अँकिऑर्निस या दुसऱ्या प्राण्याच्या जवळजवळ सगळ्या अंगाचा रंग मांडला गेला : काळा-पांढरा, डोक्यावर तांबूस तुरा. मायक्रोरॅप्टर हा आणखी एक छोटा डायनोसॉर तर काळा आणि चकाकणारा, २०१२ मध्ये कळलं. माझ्या लहानपणी पुस्तकांत सगळे डायनोसॉर हिरवट-राखाडी असत, चित्रकाराच्या मर्जीनुसार. आता विचारता येतं, पुरावा काय?

मिसळीचा_रस्सा

डोळ्यांवर काळी पट्टी आणि पट्टेरी शेपटी. आमच्या गल्लीत असा एक बोका आहे.

जीवशास्त्रवाल्या_बाई

पिसाची बांधणी एकदा हातात घेऊन पाहिली की यातले निम्मे वाद आपोआप मिटतात. कबुतराच्या पंखातलं एक गळलेलं मोठं पीस उचला, ठाण्यात त्याला तोटा नाही. (नंतर हात साबणाने धुवा.)

मधला दांडा बघा. खालचा भाग पोकळ आणि अर्धपारदर्शक, हा कातडीत रुतलेला असतो. वरचा भाग भरीव, आत सच्छिद्र गर. दांड्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या, समांतर काड्या निघतात, त्या बार्ब. एक बार्ब नखाने सुटा करून भिंगाखाली धरा. त्याच्याही दोन्ही बाजूंना आणखी बारीक तंतू आहेत, बार्ब्यूल. पिसाच्या टोकाकडे तोंड असलेल्या बार्ब्यूलांना सूक्ष्म आकडे असतात. ते शेजारच्या बार्बच्या बार्ब्यूलांवरच्या खाचांत अडकतात, म्हणून पातं सलग राहतं आणि हवा आरपार जात नाही. बोट उलटं फिरवलं की पातं फाटतं. मुळाकडून टोकाकडे दोन बोटांच्या चिमटीत ओढलं की बॅगेच्या चेनसारखं परत बंद. कबूतर ग्रिलवर बसून चोचीने तासन्‌तास जे करतं ते हेच. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिचं तेलही चोचीनेच फासतं.

आता यातला एकेक भाग मनातल्या मनात काढत चला. आकडे काढले? शहामृग. बार्ब्यूल आहेत, पण अडकत नाहीत, म्हणून पीस भुरभुरीत. दांडाही काढला? पिल्लाच्या अंगावरची लव : एका बुंध्यातून बार्बचा झुबका, आणि त्यात अडकलेली हवा ऊब धरते. बार्बही काढले की उरते एक साधी पोकळ नळी. रिचर्ड प्रम या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हाच क्रम उलट्या दिशेने मांडला. आधी नळी, मग झुबका, मग दांडा आणि बार्ब्यूल, मग आकड्यांनी सांधलेलं पातं, आणि शेवटी उडण्यासाठीचं असमान पातं. विशेष म्हणजे हा क्रम त्यांनी जीवाश्मांवरून काढलेला नाही, पीस कातडीत कसं वाढतं त्यावरून काढला. चीनमधले तंतू, झुबके, पाती त्याच्याशी जुळत गेले.

पीस वाढतंही गमतीदार. कातडीतल्या खोबणीतून ते नळी म्हणूनच वर येतं. टोक आधी तयार होतं, मूळ सगळ्यात शेवटी. नळीच्या भिंतीचेच बार्ब होतात, वरचं आवरण झडलं की पीस उलगडतं. म्हणून 'खवला लांब झाला, त्याच्या कडा फाटल्या आणि पीस झालं' ही जुनी गोष्ट मला पटत नाही. खवला चपटा, पीस मुळातच नळी.

कातळकोरा

बाई, झकास लिहिलंत, पण खवल्याला अगदीच घराबाहेर काढू नका. पक्ष्याचं पीस, सस्तन प्राण्याचा केस आणि सरपटणाऱ्यांचा खवला, तिघांचीही सुरुवात भ्रूणाच्या कातडीवरच्या एकाच प्रकारच्या जाडसर ठिपक्यापासून होते. २०१६ मध्ये मगरी, साप आणि सरड्यांच्या भ्रूणांवर काम झालं त्यात हे स्पष्ट दिसलं. पुढचा रस्ता वेगळा, आरंभ एक.

कोपरीकर

खवले आणि पिसांवरून आठवलं. आमचे काका कळव्याला कबुतरं पाळायचे. त्यांच्याकडे एक जात होती, पायांवर बोटांपर्यंत पिसं. चालताना जमीन झाडत जायची. पायावर तर खवले असतात ना, मग तिथे पिसं आली कुठून?

जीवशास्त्रवाल्या_बाई

@कोपरीकर, चिकनवाल्यापेक्षा हा प्रश्न चांगला आहे. तुमच्या काकांच्या त्याच जातीवर संशोधन झालंय, २०१६ मध्ये. पाय 'पाय' व्हावा म्हणून पिटएक्स१ नावाचं जनुक काम करतं, पंख 'पंख' व्हावा म्हणून टीबीएक्स५. या कबुतरांत पायातल्या पिटएक्स१ चं काम मंदावलेलं असतं आणि टीबीएक्स५ भलत्या जागी, पायात, चालू झालेलं. पाय थोडासा पंखाच्या वळणावर जातो, खवल्यांच्या जागी पिसं येतात. पायावर लांब पिसं असलेला डायनोसॉरही आहे, मायक्रोरॅप्टर. २००३ मध्ये त्याचे पायांवर पिसं असलेले नमुने जाहीर झाले तेव्हा 'चार पंखांचा' म्हणून गाजला होता.

ब्लॉक_सी_१४०२

कबुतरांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, बाल्कनीला जाळी लावणारा चांगला माणूस कुणाला माहीत आहे का? कासारवडवली.

मिसळीचा_रस्सा

धाग्याचा काश्मीर व्हायला, म्हणजे धागा भरकटायला, सुरुवात.

निवृत्त_नाना

सगळं वाचलं. मला एक शंका तरुणपणापासून आहे. पंख पुरता तयार झाला की उडता येतं, मान्य. पण अर्धा पंख कसला कामाचा? निसर्ग लाखो वर्षं अर्धवट पंख कशासाठी सांभाळेल? आमच्या ऑफिसात अर्धवट फाइल कुणी सांभाळत नसे.

पक्षीवेडी_ऐरोली

नाना, याचं सगळ्यात सुंदर उत्तर चकोराने दिलंय. चांदणं पिणारा म्हणतात तोच. केनेथ डायल यांनी अमेरिकेत चकोराच्या पिल्लांवर प्रयोग केले, २००३ मध्ये छापून आले. पंख अर्धवट वाढलेली पिल्लं उडू शकत नाहीत, पण ते पंख जोरात फडफडवत खडा चढ चढून जातात. फडफडाटाने अंग चढावाला दाबलं जातं आणि पाय घसरत नाहीत. पंख छाटले की तोच चढ जमत नाही. म्हणजे अर्ध्या पंखाला अर्ध्या पंखाचं काम आहे.

आणि त्याही आधी पिसं होतीच, उडण्याशिवायच्या कामांसाठी. लव ऊब देते. कॉडिप्टेरिक्सचा शेपटीचा पंखा बहुधा मिरवायला. मोराला विचारा, एवढा पिसारा घेऊन तो उडतो ते पिसाऱ्यामुळे नव्हे, पिसारा असूनही.

सरळसोट

चकोराचं ठीक आहे, पण आजचं पिल्लू काय करतं यावरून पंधरा कोटी वर्षांपूर्वी काय झालं ते सिद्ध होत नाही. काही जण झाडावरून तरंगत खाली येण्यापासून सुरुवात झाली म्हणतात, काही जमिनीवरून पळत. मायक्रोरॅप्टरचे चार पंख पळायला कसे चालतील?

पक्षीवेडी_ऐरोली

पळायला अडचणच. म्हणून तर तो वाद संपलेला नाही. मी फक्त 'अर्धा पंख निरुपयोगी' याला उत्तर दिलं.

बेलापूरची_मावशी

मी फार शास्त्र वाचलेलं नाही, पण आमच्याकडे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) येतात त्यांच्याबद्दल विचारते. नेरूळच्या तलावावर थव्यात काही गुलाबी असतात आणि काही मळकट राखाडी. नातू विचारतो, आजी, हे रंगवायचे राहिले का? मोठे झाले की त्याच पिसांना रंग चढतो का?

जीवशास्त्रवाल्या_बाई

मावशी, राखाडी ती लहान वयाची. पीस पूर्ण वाढलं की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो, नखासारखाच तो निर्जीव भाग. नवा रंग येतो तो जुनी पिसं झडून नवी येतात तेव्हा. रोहिताचा गुलाबी रंग तो जे खातो त्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमधून येतो, शेवाळातून आणि बारीक कोळंबीवर्गीय जीवांतून. खाणं बदललं की पुढच्या पिसांना फिकेपणा येतो.

याला एक चोरवाट आहे. मोठे रोहित शेपटीच्या ग्रंथीतलं रंगीत तेल गाल लावून मानेला आणि छातीला फासतात, जोडी जुळवायच्या दिवसांत जास्तच. २०१० मध्ये युरोपातल्या रोहितांवर हे लिहिलं गेलंय. मेकअप ही काही माणसाची मक्तेदारी नाही.

बेलापूरची_मावशी

अगंबाई! नातवाला सांगते. आणि उडताना पंखाखाली काळं दिसतं ते?

पक्षीवेडी_ऐरोली

ती उडण्याची मोठी पिसं, मेलॅनिनने काळी. मेलॅनिन असलेलं पीस झिजायला जास्त टिकाऊ असतं. कितीतरी पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, खाडीवरचे कुरव बघा.

याच पिसांत आणखी एक खूण सापडते. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकाकडचं पीस घेतलं तर दांडा मधोमध नसतो. हवा कापणाऱ्या बाजूचं पातं अरुंद, मागचं रुंद. उडणं सोडलेल्या पक्ष्यांत ती दोन्ही पाती सारखी होत जातात. कॉडिप्टेरिक्सची पाती सारखी, आर्किऑप्टेरिक्स या पुरातन पक्ष्याची असमान.

ता. क. : देखाव्यासाठी खाडीवरून पिसं गोळा करायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. १९७२ चा वन्यजीव कायदाही आहेच. मांडवात वन खात्याची माणसं आली तर आरतीला नसतील.

निवृत्त_नाना

आर्किऑप्टेरिक्सबद्दल आमच्या वेळी शाळेत होतं. जर्मनीत सापडला ना? आपल्याकडे असलं काही का सापडत नाही? ठाण्याला चारी बाजूंनी डोंगर आहेत.

कातळकोरा

नाना, हा माझा विषय. येऊरचे डोंगर असोत की पारसिक, सगळा दख्खनचा बेसाल्ट. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे लाव्हाचे थर पसरत गेले त्यातला. लाव्हात पीस टिकणार कसं? त्याला लागतो अतिशय बारीक गाळ, शांत पाणी, आणि प्राणवायू कमी, म्हणजे कुजणं मंदावतं. लिआओनिंगमध्ये तळ्यांचा गाळ आणि ज्वालामुखीची बारीक राख होती, म्हणून तिथे तंतू न तंतू उमटला. दोन लाव्हांच्या मधल्या काळात आपल्याकडेही तळी साचली होती. वरळीच्या टेकडीत त्या गाळातले बेडूक सापडलेत, हाडांसकट.

आर्किऑप्टेरिक्सचा दगड म्हणजे बव्हेरियातला झोल्नहोफेनचा चुनखडक. इतका बारीक कणांचा की शिळाछापासाठी जगभर वापरला जायचा. आपल्या आज्यांच्या देवघरात शिळाछापाने छापलेल्या देवांच्या तसबिरी असत, त्या छपाईसाठी नावाजलेला दगड तोच. १८६१ मध्ये तिथे आधी एक सुटं पीस सापडलं, हर्मान फॉन मायर यांनी ते जाहीर केलं, त्याच वर्षी जवळजवळ अख्खा सांगाडाही निघाला. वय सुमारे १५ कोटी वर्षं. पंखांना पिसं, पण जबड्यात दात, बोटांना नखं आणि हाडांची लांब शेपटी. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ चा, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत हा पुरावा हातात पडला. इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सली यांनी त्यानंतर पक्षी आणि डायनोसॉर यांचं नातं मांडलं, पण पुढची कित्येक दशकं ते बाजूला पडलं होतं.

कोपरीकर

आपला देशी डायनोसॉर कुठला नाही का? राजासॉरस ऐकलंय.

कातळकोरा

आहे. २००३ मध्ये नाव मिळालं, हाडं गुजरातेतल्या रहिओलीची.

मिसळीचा_रस्सा

डायनोसॉरसुद्धा गुजरातलाच गेला का?

कातळकोरा

ते झाले साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे करार. असो. राजासॉरसला पिसं लावा म्हणून मी सांगणार नाही. त्याचा दक्षिण अमेरिकेतला भाऊबंद कार्नोटॉरस, त्याच्या कातडीच्या ठशांत खवलेच आहेत.

घोडबंदरी

सगळ्यांचे आभार. प्रिंटआउट काढून कमिटीत वाचलं. पिसं लावायची हे मंजूर झालं (५ विरुद्ध ३, सेक्रेटरी तटस्थ). पण आता नवा घोळ. मुलांना डायनोसॉर प्रचंड हवाय. मीटरभर लांबीचा सायनो-काहीतरी म्हणजे 'आमच्या सोसायटीतलं कुत्रं मोठं आहे' असं ऐकायला मिळालं. आणि कोंबडीच्या पिसांवर महिला मंडळाने कायमची फुली मारली. कागदाची पिसं कापायची तर पाती, दांडे, आकडे... बाईंचं वाचून मुलं आता प्रत्येक बार्ब कापायला निघालीत.

नौपाड्याची_सून

महिला मंडळाचा विजय असो.

पक्षीवेडी_ऐरोली

मोठा हवाय ना? युटिरॅनस. २०१२ मध्ये जाहीर झाला, लिआओनिंगचाच, टी. रेक्सच्या घराण्यातला आणि त्याच्या कितीतरी आधीचा. लांबी सुमारे ९ मीटर, वजन १४०० किलोच्या आसपास. आणि अंगावर तंतू, मानेवरचे २० सेंटिमीटरपर्यंत लांब. सेक्रेटरींचा टी. रेक्स आणि मुलांची पिसं, दोघांचं समाधान.

घोडबंदरी

९ मीटर? आमचा क्लबहाउस तेवढा नाही.

कोपरीकर

शेपटी जिममध्ये काढा. तिथे नाहीतरी कोणी जात नाही.

जीवशास्त्रवाल्या_बाई

थांबा, कागद कापू नका. सायनोसॉरॉप्टेरिक्स घ्या किंवा युटिरॅनस, दोघांच्या अंगावर पाती नव्हतीच. साधे तंतू होते. आणि साधे तंतू करायला आपल्याकडे काथ्या आहे. सोफा भरणाऱ्याकडे किंवा जांभळी नाक्यावर सुंभ-दोरीच्या दुकानात मिळेल. विंचरून सुटा करायचा, छोटे झुबके करून जुन्या गोणपाटावर शेपटीकडून डोक्याकडे ओळीने चिकटवत यायचं, म्हणजे पुढची ओळ मागच्या ओळीचं बूड झाकते. थर्माकोल नाही, कोंबडी नाही. वर नारळाचा, म्हणजे महिला मंडळही हरकत घेणार नाही.

नौपाड्याची_सून

नारळाला हरकत नाही.

पक्षीवेडी_ऐरोली

बाई, भारी! आणि मग सायनोसॉरॉप्टेरिक्सच करा असं मी म्हणेन. युटिरॅनसचा रंग आपल्या मनाने ठरवावा लागेल, याचा पुराव्याने माहीत आहे आणि काथ्या मुळातच त्या तांबूस रंगाच्या जवळचा. शेपटीच्या पांढऱ्या पट्ट्यांना वातींचा कापूस लावा. आकाराचीच हौस असेल तर एकाऐवजी तीन करा आणि पाटी लावा, 'प्रत्यक्ष आकारात'. खऱ्या मापाचा डायनोसॉर किती मांडवांत बघायला मिळतो?

याच्या एका नमुन्याच्या पोटात गिळलेल्या पालीसारख्या सरड्याचा सांगाडा मिळाला आहे. एकाच्या तोंडात रबरी पाल द्या, लहान मुलं हलणार नाहीत तिथून.

मिसळीचा_रस्सा

बाप्पाचा उंदीर तेवढा दुसऱ्या टोकाला ठेवा.

सरळसोट

पाटीवर 'डायनोसॉरना पिसं होती' असं सरसकट लिहू नका ही विनंती. 'काही डायनोसॉरना' लिहा. चार पायांच्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरच्या कातडीचे जे ठसे मिळालेत त्यांत खवलेच दिसतात.

कातळकोरा

सरळसोट यांना पाठिंबा, एका पुरवणीसकट. २०१४ मध्ये सैबेरियातून कुलिंदाड्रोमिअस आला. हा शाकाहारी, आणि पक्ष्यांच्या घराण्यापासून फार लांबच्या शाखेतला, तरी अंगावर खवलेही आणि तंतूही. सिटॅकोसॉरस या आणखी एका शाकाहारी डायनोसॉरच्या शेपटीवर राठ केसांसारखी झालर होती. यावरून काही जण म्हणतात, तंतू सगळ्या डायनोसॉरच्या मूळ पूर्वजातच असतील आणि नंतर अनेकांनी गमावले. काही म्हणतात, वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले. मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

पक्षीवेडी_ऐरोली

मी पहिल्या. वेगळा धागा काढा, येते.

निवृत्त_नाना

काथ्या पटकन पेट घेतो. समई आणि हॅलोजनपासून चार हात लांब ठेवा, आणि पाण्याची बादली जवळ असू द्या. नौपाड्यात एका मंडळाचा कापसाचा हिमालय डोळ्यांदेखत गेलेला पाहिलाय.

घोडबंदरी

नाना, नोंद घेतली, एलईडीच लावणार. तीन सायनोसॉरॉप्टेरिक्स ठरले. काथ्या आणायला उद्या जांभळी नाक्यावर जातोय. एक शेवटचं : मुलांना छताला एक उडणारा डायनोसॉर टांगायचाय, ते लांब चोचीचे असतात ते, टेरोडॅक्टिल की काय. टांगू का?

कातळकोरा

टांगा, पण पाटीवर डायनोसॉर लिहू नका. टेरोसॉर ही वेगळी शाखा, डायनोसॉरची चुलत भावंडं. त्यांचा पंख पिसांचा नव्हता, लांबलेल्या एका बोटापासून अंगापर्यंत ताणलेल्या कातडीचा होता.

पक्षीवेडी_ऐरोली

पण अंगावर तंतू त्यांनाही होते, काहींचे तर फांद्या फुटलेले. २०१८ मध्ये चीनचे आणि २०२२ मध्ये ब्राझीलचा एक, असे नमुने आलेत. तेव्हा पंखाला जुनी छत्री फाडा आणि उरलेला काथ्या अंगाला लावा. दोन किलो जास्तच आणा.